अंगठा वर, अंगठा खाली: चर्चेत बटणं हवीत का?

१८ नोव्हेंबर २०१२ हा बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेचा दिवस. मुंबई आणि आसपासचा भाग बंद होता. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधल्या एका तरुणीने या बंदबद्दल प्रश्न विचारणारा मजकूर फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे ते प्रकरण बंद झालं, पोलिस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. या सगळ्याची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने झाली आणि ती तशीच व्हायला हवी होती. पण दुसऱ्या मुलीचा विचार केला की एक वेगळा प्रश्न समोर येतो. तिने नेमकं केलं काय होतं? मत मांडलं होतं, मैत्रिणीची बाजू घेतली होती, की ‘वाचलं गं’ एवढंच कळवलं होतं?

हा प्रश्न जगभरच्या न्यायालयांपुढे आला आहे आणि उत्तरं एकसारखी आलेली नाहीत. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन शहरात २००९च्या निवडणुकीच्या वेळी शेरीफच्या कचेरीतल्या एका कर्मचाऱ्याने आपल्या साहेबाविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवाराचं फेसबुक पान लाइक केलं. निवडणुकीनंतर त्याची नोकरी गेली. खालच्या न्यायालयाच्या मते एका क्लिकला भाषणाचा दर्जा देता येत नव्हता. अपील न्यायालयाने २०१३मध्ये तो निकाल फिरवला. अंगणात उमेदवाराचा फलक लावणं आणि त्याचं पान लाइक करणं ही एकाच जातीची कृती आहे, असं त्यांनी धरलं. झ्युरिकच्या न्यायालयाने २०१७मध्ये बदनामीकारक मजकूर लाइक केल्याबद्दल एका माणसाला दंड ठोठावला, कारण लाइक करणं म्हणजे त्या मजकुराला दुजोरा देऊन तो पसरवणं. उलट अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये सांगितलं की लाइक करणं म्हणजे प्रसिद्ध करणं किंवा प्रसारित करणं नव्हे, त्यामुळे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७खाली तो गुन्हा ठरत नाही.

न्यायाधीशांचं जमत नाही याला कायद्याइतकंच ते बटण जबाबदार आहे. एका दाबण्यात आपण आभार मानतो, सहमती दाखवतो, पोच देतो, दाद देतो आणि ‘हे इतरांनीही वाचावं’ अशी शिफारसही करतो. वाचणाऱ्याला यातलं काय अभिप्रेत होतं ते कळत नाही. यंत्राला तर मुळीच कळत नाही, ते फक्त मोजतं. म्हणून चर्चेच्या जागी लाइक-डिसलाइकची बटणं असावीत का, या प्रश्नाचं उत्तर बटणाच्या चित्रावरून देता येत नाही. दाबल्यानंतर पुढे काय होतं, आकडा कुणाला दिसतो, त्यावरून कुणाचं बोलणं वर जातं आणि कुणाचं गाडलं जातं, दाबणाऱ्याला काही झीज सोसावी लागते का, हे पाहावं लागतं. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकणं बरं: जिथे माणसं वाद घालायला जमतात तिथे उघडा, फुकटचा डिसलाइक नसावा. लाइक असावा, पण चर्चा गरम असताना त्याचा आकडा कुणाला दिसू नये.

बटण नव्हतं तेव्हा लोक काय करत होते? मराठी वाचकांना हे सांगायला नको. १९९६च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेल्या मायबोलीपासून पुढे मिसळपाव आणि इतर संकेतस्थळांवर ज्यांनी धागे वाचले आहेत, त्यांना ‘+१’ हा प्रतिसाद ओळखीचा आहे. कुणी तरी नेमकं लिहिलं की खाली ओळीने ‘+१’, ‘सहमत’, ‘अगदी अगदी’. वाचायला कंटाळा यायचा, पानंच्या पानं त्यात जायची. पण त्या ‘+१’ला नाव होतं. ते लिहायला चार सेकंद लागायचे आणि ज्याने लिहिलं त्याला पुढे कुणी ‘का बुवा?’ असं विचारू शकत होतं. बटणाने ती जागा वाचवली, आणि विचारण्याची सोयही काढून घेतली.

फेसबुकवर लाइक आलं ९ फेब्रुवारी २००९ रोजी. त्याआधी ‘फ्रेंडफीड’ने ते २००७मध्ये आणलं होतं आणि ‘व्हिमिओ’ या व्हिडिओच्या साइटवर तर ते २००५पासून होतं. फेसबुकच्या कचेरीत त्याचं पहिलं नाव ‘ऑसम’ असं होतं. लिआ पर्लमन, जस्टिन रोझेनस्टाइन वगैरे मंडळींनी २००७मध्ये ते आखलं, पण मार्क झुकरबर्ग बराच काळ राजी नव्हते. नुसतं बटण दाबून भागलं तर लोक कमेंट लिहायचंच सोडतील, अशी भीती होती. फेसबुकचेच अँड्र्यू बॉसवर्थ यांनी नंतर लिहिलेल्या हकिगतीनुसार, चाचणी घेतल्यावर उलटंच दिसलं: लाइक असलेल्या पोस्टवर कमेंट वाढल्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं. मात्र प्रश्न किती कमेंट येतात एवढाच होता. त्या कशा असतात, कुणाच्या असतात, कोण गप्प बसतं, हे चाचणीत नव्हतं. पुढे २०१७मध्ये रोझेनस्टाइन यांनीच या लाइकच्या ओढीबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली आणि स्वतःच्या फोनवर बंधनं घालून घेतली.

आकडा दिसल्याने मत कसं झुकतं यावरचा सर्वांत नेटका प्रयोग लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी केला. तो २०१३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. बातम्यांवर चर्चा होणाऱ्या एका साइटवर पाच महिन्यांत आलेल्या १,०१,२८१ कमेंटपैकी काहींना त्यांनी आल्या आल्या एक खोटं अधिकचं मत दिलं, काहींना एक उणं, बाकीच्यांना काहीच नाही. कोणत्या कमेंटला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं, गुणवत्तेशी त्याचा संबंध नव्हता. ज्यांना फुकटचं अधिक मत मिळालं त्यांना पुढच्या वाचकाकडूनही पसंती मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली. शेवटची सरासरी २५ टक्क्यांनी वर गेली. उणं मत मिळालेल्यांच्या बाबतीत मात्र काही वाचकांनी आणखी उणं दिलं, काहींनी मुद्दाम अधिक देऊन भरपाई केली आणि हिशेब जवळपास फिटला.

या निष्कर्षाचा मला फार विचार करावासा वाटतो. सगळी भांडणं डिसलाइकवरून होतात, पण निवाड्याला खरा कल देतं ते निरुपद्रवी दिसणारं पहिलं लाइक. पहिल्या पाच मिनिटांत ज्याचे चार मित्र जागे असतात, त्याचा मुद्दा दुपारपर्यंत शहाणपणाचा ठरतो. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६मध्ये गाण्यांबद्दल हेच दाखवलं होतं. चौदा हजारांवर लोकांना अनोळखी गाणी ऐकायला दिली. इतरांनी काय उतरवून घेतलं ते दिसत असलेल्या वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी पहिली आली. अगदी वाईट गाणं सहसा वर आलं नाही आणि फार चांगलं सहसा बुडालं नाही, पण मधल्या सगळ्यांचं नशीब पहिल्या काही ऐकणाऱ्यांच्या हाती होतं. चर्चेतले बहुतेक मुद्दे त्या मधल्या गाण्यांसारखेच असतात.

आता डिसलाइक. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि ते नीट ऐकायला हवं. नोव्हेंबर २०१७मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळात डार्थ व्हेडरसारखी पात्रं मिळवायला तासन्‌तास खेळावं लागतं, अशी तक्रार एकाने ‘रेडिट’वर केली. खेळ बनवणाऱ्या ‘ईए’ कंपनीने तिथेच दिलेलं गोडगोड उत्तर वाचकांनी उणे साडेसहा लाखांच्या खाली नेलं. रेडिटच्या इतिहासात इतकी नापसंती कुणाला मिळाली नव्हती. कंपनीला त्या पात्रांची किंमत ७५ टक्क्यांनी उतरवावी लागली. पत्रव्यवहार करून हे झालं नसतं. दुबळ्या ग्राहकाच्या हातात दुसरं काही नसतं तेव्हा खाली वळलेला अंगठा हे खरोखरच एक साधन असतं.

यूट्यूबची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. तिथे आधी पाच तारे होते. बहुतेक लोक पाचच तारे देतात, मधले तारे कुणी वापरत नाही, असं दिसल्यावर २०१०मध्ये वर आणि खाली असे दोन अंगठे आले. २०२०च्या ऑगस्टमध्ये ‘सडक २’ या चित्रपटाची झलक आली आणि थोड्याच दिवसांत तिचे डिसलाइक १ कोटीच्या वर गेले. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर हिंदी चित्रपटसृष्टीतल्या घराणेशाहीवर जो राग उसळला होता तो त्या झलकेवर निघाला. झलक कशी होती याच्याशी त्या आकड्याचा संबंध नव्हता. त्याच महिन्याच्या शेवटी ‘मन की बात’च्या व्हिडिओवर लाइकपेक्षा डिसलाइक कितीतरी जास्त आले. नीट आणि जेईई परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी करणारे विद्यार्थी त्यामागे होते. हे डिसलाइक खरोखर देशातले की बाहेरचे, यावरून लगेच राजकीय वाद झाला. दोन्ही वेळी लोकांना सांगायचं होतं ते खरं होतं, पण समोरच्या व्हिडिओबद्दलचं ते मत नव्हतं.

१० नोव्हेंबर २०२१ रोजी यूट्यूबने डिसलाइकचा आकडा लपवायचं जाहीर केलं. बटण राहिलं, आकडा फक्त व्हिडिओ बनवणाऱ्याला दिसू लागला. ठरवून केलेल्या नापसंतीच्या हल्ल्यांचा फटका छोट्या नव्या निर्मात्यांना जास्त बसतो आणि आकडा लपवल्यावर हल्ले कमी होतात, असं कंपनीने कारण दिलं. यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक, जावेद करीम यांनी विरोध केला. साइटवरच्या सर्वांत पहिल्या, स्वतःच्याच व्हिडिओखालचं वर्णन बदलून त्यांनी तो नोंदवला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. द्राक्षावरच्या फवारणीचं प्रमाण सांगणारा व्हिडिओ पाहणाऱ्या शेतकऱ्याला, किंवा गॅसची शेगडी दुरुस्त करायला बसलेल्या माणसाला, आधीच्या हजार जणांना हे चुकीचं वाटलं एवढं कळणं फार मोलाचं असतं. तिथे वाद नसतो, माहिती खरी की खोटी एवढाच प्रश्न असतो. अशा ठिकाणी डिसलाइकचा आकडा लपवणं मला चूक वाटतं. आणि बटण तसंच ठेवलं तरी पाहणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. मोझिला संस्थेने २०२२मध्ये वीस हजारांवर लोकांच्या मदतीने तपासलं, तेव्हा डिसलाइक दाबल्याने नको असलेल्या शिफारशी फक्त १२ टक्के कमी झालेल्या दिसल्या.

मतभेदाच्या चर्चेत मात्र डिसलाइक वेगळं वागतं. रेडिटच्या आचारसंहितेत फार पूर्वीपासून लिहिलं आहे की केवळ पटत नाही म्हणून उणं मत देऊ नका, विषयाला सोडून असेल तर द्या. हा नियम जवळपास कुणी पाळत नाही आणि न पाळण्याचा दोष मी लोकांना देणार नाही. बाण खाली दाखवतो, समोरचं पटत नाही, माणूस दाबणारच. परिणाम असा की ठरावीक आकड्याखाली गेलेली कमेंट मिटली जाते आणि ती वाचायची तर मुद्दाम उघडावी लागते. ज्या जागी सगळे साधारण एका वर्गाचे, एका जातीसमूहाचे, एका शहरातले असतात, तिथे आरक्षणावर किंवा नर्मदेच्या धरणावर वेगळं बोलणाऱ्याचं म्हणणं कुणीही न खोडता नाहीसं होतं. ते खोडलं असतं तर निदान त्याची नोंद राहिली असती.

आणि ज्याला नापसंती मिळते तो सुधारतो का? जस्टिन चेंग, क्रिस्टियन डानेस्कू-निकुलेस्कू-मिझिल आणि जुरे लेस्कोवेच यांनी २०१४मध्ये सीएनएनसह चार साइटवरच्या कमेंट तपासल्या. ज्यांना उणी मतं मिळाली ते जास्त लिहू लागले, त्यांच्या लिखाणाचा दर्जा आणखी घसरला आणि तेही इतरांना जास्त उणी मतं देऊ लागले. पसंती मिळालेले लोक मात्र त्यामुळे फारसे चांगलं लिहू लागले नाहीत. निघून गेले ते ज्यांच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही असे. म्हणजे त्रास देणाऱ्याला हाकलायला डिसलाइकचा काही उपयोग नाही. दुर्लक्षाने ते काम जास्त चांगलं होतं.

लाइकनेही बोलणारा घडतो, फक्त वेगळ्या वळणाने. संगीत नाटकांच्या काळात आवडत्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळत राहिला की प्रयोग पहाटेपर्यंत लांबायचा, कथानक तिथेच थांबायचं आणि नटाची तयारी पदांच्या जागा रंगवण्याकडे वळायची. विल्यम ब्रेडी, मॉली क्रॉकेट आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये ट्विटरवरच्या ७,३३१ लोकांचे १ कोटी २७ लाख ट्वीट तपासून दाखवलं की संतापाच्या ट्वीटला लाइक आणि शेअर मिळाले की तो माणूस पुढे जास्त संताप व्यक्त करू लागतो. दाद मिळते म्हणून तो संताप शिकतो. मराठी फेसबुकवर काही चांगल्या लेखकांना गेल्या दहा वर्षांत हळूहळू कर्कश होताना अनेकांनी पाहिलं असेल. त्यांचा स्वभाव बदलला असं म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. कोणत्या वाक्याला किती अंगठे मिळाले याचा हिशेब त्यांना रोज दिसत होता.

फेसबुकने स्वतः यात भर घातली. सप्टेंबर २०१५मध्ये झुकरबर्ग म्हणाले होते की नुसतं डिसलाइकचं बटण देऊन फेसबुकची पोस्टवर कौल देण्याची जागा करायची नाही, लोकांना सहानुभूती दाखवायची सोय हवी आहे. हा विचार चांगला होता. कुणाच्या वडिलांच्या निधनाच्या पोस्टवर अंगठा दाखवताना आपल्याकडेही हात अडखळायचा. २४ फेब्रुवारी २०१६पासून प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग अशी पाच चिन्हं आली. पण पुढच्या वर्षी पोस्टचा क्रम लावताना या चिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन देण्यात आलं, आणि त्यात रागही होता. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हाउगेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांतून २०२१मध्ये हे जगाला कळलं. रागाचं चिन्ह जास्त मिळवणाऱ्या पोस्टमध्ये खोटी माहिती आणि विखार असण्याची शक्यता जास्त असते, हे कंपनीतल्याच अभ्यासकांनी २०१९मध्ये नोंदवलं होतं. रागाचं वजन शून्यावर यायला सप्टेंबर २०२० उजाडला. वाचकाने ‘मला याचा राग आला’ असं सांगितलं आणि यंत्राने ‘याला हे आणखी दाखवा’ असं ऐकलं. तीन वर्षं अब्जावधी लोकांचं बोलणं असं उलट ऐकलं गेलं, याची मला आजही चीड येते.

व्हॉट्सअॅपने मे २०२२मध्ये आणलेल्या सहा चिन्हांत अंगठा, हृदय, हसू, आश्चर्य, अश्रू आणि जोडलेले हात होते. नापसंतीचं एकही नव्हतं. कुटुंबाच्या गटात हे पुरतं, कारण तिथे कुणाचा संदेश कुणाच्या वर जात नाही. क्रम वेळेचा असतो. मोजणी जिथे क्रमात शिरत नाही, तिथे हीच चिन्हं बऱ्यापैकी निरुपद्रवी असतात.

क्रम लावायचाच असेल तर हिशेब तरी नीट करावा, असं म्हणणारे गणिती आहेत. रेडिटवर पूर्वी वरच्या मतांतून खालची मतं वजा करून क्रम लागायचा. त्यामुळे जो आधी आला त्याचं भलं व्हायचं. ऑक्टोबर २००९मध्ये ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेचे रँडल मनरो यांच्या सूचनेवरून एडविन विल्सन यांचं १९२७चं सूत्र वापरलं जाऊ लागलं. दहा मतांपैकी दहा चांगली असली तरी दहाच आहेत, हे त्या सूत्राला कळतं. त्यामुळे उशिरा आलेल्या चांगल्या कमेंटलाही वर यायला वाव मिळतो. उपाय हुशारीचा आहे. पण ज्यांनी मत दिलं ते सगळे एकाच बाजूचे असले तर सूत्र त्यांच्याच बाजूचा निकाल अधिक अचूकपणे देतं.

दाबणाऱ्याला झीज लावणं हा दुसरा मार्ग. संगणक प्रोग्रामरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर २००८पासून गुणांचा कारभार आहे. उणं मत द्यायला आधी १२५ गुण मिळवावे लागतात. एखाद्याच्या उत्तराला उणं दिलं तर त्याचे दोन गुण जातात आणि देणाऱ्याचाही एक जातो. तुमचा आक्षेप तुम्हाला एक गुण गमावण्याइतका मोलाचा वाटतो का, असा तो प्रश्न आहे. ‘हॅकर न्यूज’वर उणं मत देण्यासाठी ५०० गुण लागतात आणि दुसऱ्याच्या कमेंटला किती मतं पडली ते २०११पासून कुणाला दिसत नाही. मला हे दोन्ही नियम आवडतात. पण नुसत्या नियमांनी घर आपलं होत नाही. नवख्यांना आणि स्त्रियांना आपल्याकडे परकं वाटतं, हे २०१८मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोला स्वतःच जाहीरपणे मान्य करावं लागलं.

तिसरा मार्ग आहे कारण विचारण्याचा, आणि इथे मराठीत एक चांगलं उदाहरण आहे. १९९७मध्ये रॉब माल्डा यांनी मिशिगनमध्ये सुरू केलेल्या ‘स्लॅशडॉट’वर सरसकट सगळ्यांना बटण नव्हतं. काही सदस्यांना आळीपाळीने मोजके पाच गुण मिळायचे. देताना ‘मार्मिक’, ‘विनोदी’, ‘भडकाऊ’ असा शेरा निवडावा लागायचा, आणि ज्या चर्चेत आपण लिहिलं तिथे गुण देता यायचे नाहीत. गुण देणाऱ्यांनी ते नीट दिले का, हे दुसरे सदस्य तपासायचे. त्याच वाटेने आपल्या ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळाने प्रतिसादांना श्रेणी ठेवल्या: मार्मिक, माहितीपूर्ण, विनोदी, रोचक, खवचट, अवांतर, निरर्थक, पकाऊ. एखादा प्रतिसाद पटला नाही तरी त्याला ‘माहितीपूर्ण’ म्हणता येतं. आपल्याच बाजूच्या माणसाला ‘अवांतर’ म्हणता येतं. सहमती आणि कदर या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात. टेक्सास विद्यापीठात तालिया स्ट्राउड आणि सहकाऱ्यांनी लाइकऐवजी ‘आदर’ असं बटण ठेवून पाहिलं, तेव्हा विरुद्ध राजकीय मताच्या कमेंटवरही लोकांनी ते दाबण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. बटणावर काय लिहिलंय यावरून माणूस स्वतःला कोणता प्रश्न विचारतो ते ठरतं, याला याहून साधा पुरावा नको.

असहमतीचं बटण मुळातच वाईट असतं असं नाही, हे तैवानने दाखवलं. २०१५मध्ये तिथे उबर टॅक्सीचा वाद पेटला होता. सरकारसोबत काम करणाऱ्या नागरिकांच्या ‘व्हीतैवान’ या उपक्रमाने सिअॅटलमध्ये तयार झालेलं ‘पोलिस’ (Pol.is) हे साधन वापरलं. कुणीही एक विधान लिहायचं, बाकीच्यांनी त्यावर सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढंच सांगायचं. उत्तर लिहायची सोयच नव्हती. कोणाचं कोणाशी जुळतं याचा नकाशा पडद्यावर दिसायचा आणि दोन्ही गटांना मान्य होणारी विधानं वर यायची. त्यामुळे लोक समोरच्यालाही पटेल असं वाक्य शोधू लागले. विमा, परवाना, कर यांबद्दलचे मुद्दे त्यातून पुढे आले आणि नंतरच्या नियमांत उतरले. इथे ‘असहमत’ दाबल्याने कुणाचं बोलणं मिटत नव्हतं आणि कुणाच्या नावावर उणे आकडा चढत नव्हता. ऑड्री टांग, ज्या पुढे तैवानच्या मंत्री झाल्या, या प्रयोगाबद्दल सतत बोलत आल्या आहेत.

ट्विटरने जानेवारी २०२१मध्ये सुरू केलेल्या आणि एप्रिल २०२४पासून भारतातही आलेल्या ‘कम्युनिटी नोट्स’मध्ये हीच कल्पना आहे. एखादी टीप उपयोगी आहे असं एरवी परस्परविरोधी कौल देणाऱ्यांनी म्हटलं तरच ती सगळ्यांना दिसते. एका बाजूने कितीही गर्दी केली तरी ती चालत नाही. याची किंमतही आहे. लिहिलेल्या बहुसंख्य टिपा कधीच दिसत नाहीत आणि ज्या दिसतात त्यांना येईपर्यंत खोटी पोस्ट फिरून झालेली असते.

बटणांबद्दल बोलताना आणखी एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. दाबणारा शेजाऱ्यांपासून लपला तरी कंपनीपासून लपत नाही. २०१३मध्ये केंब्रिजच्या मिखाल कोसिन्स्की आणि सहकाऱ्यांनी ५८,००० लोकांच्या केवळ फेसबुक लाइकवरून त्यांचा राजकीय कल, धर्म, लैंगिक कल यांचा बऱ्यापैकी अचूक अंदाज बांधून दाखवला. ‘एक्स’ने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, जून २०२४मध्ये कुणी काय लाइक केलं ते इतरांपासून लपवलं, तेव्हा दाबणाऱ्यांना हायसं वाटलं असेल. मोजणी मात्र तशीच चालू राहिली.

आपल्याकडच्या मराठी जागांसाठी या सगळ्यातून काय उचलता येईल, हा मला सर्वांत जवळचा प्रश्न आहे. विल्सनचं सूत्र, विरुद्ध गटांना जोडणारा क्रम, या सगळ्यांना मतं देणारी माणसं भरपूर लागतात आणि ती वेगवेगळ्या कलांची लागतात. एखाद्या मराठी धाग्यावर पन्नास-साठ जण वाचतात आणि आठ-दहा लिहितात, तिथे गणिताला पकडायला काही नसतं. तिथे प्रतिसाद वेळेच्या क्रमाने लावावेत, लाइकचा आकडा दोन-तीन दिवसांनी उघडावा, पटत नसेल तर लिहायला लावावं. खरा गोंधळ घालणाऱ्याला आवरायचं काम जाग्या संपादकावर सोपवावं आणि त्या संपादकाचं नाव सगळ्यांना माहीत असावं. आणि पहिल्यांदा लिहिणाऱ्याला कुणी तरी एका वाक्याचं का होईना उत्तर द्यावं, कारण चार साइटवरच्या त्या अभ्यासात निघून गेले ते कुणी लक्ष न दिलेले लोकच होते.